कोंडीभाऊंचे चिंचोके

यंदाच्या हिवाळी हंगामाची यादी तयार आहे. एकूण एक्केचाळीस कामं. तेहतीस झाली, सहा चालू आहेत. उरलेल्या दोन कामांपुढे महिना झाला तरी मला खूण करता आलेली नाही. एक, वेळ. दोन, मोजणी.

बाकी सगळं जागच्या जागी आहे. सहा रविवार ठरले. तीन नाटकं, एक कथक, एक गाण्याची मैफल आणि शेवटच्या रविवारी भारूड. कलाकारांचे होकार आले. त्या आठवड्यांत आमच्या भागात दिवसा थ्री फेज लाईट आहे की नाही, हे वायरमनला विचारून झालं, कारण दिवसा लाईट असली की माणसं पाणी भरायला शेतात असतात आणि खुर्च्या रिकाम्या राहतात. लग्नाच्या तिथी टाळल्या. शाळेची सहल टाळली.

पण महिन्यापूर्वीच्या बैठकीत समितीतले दोन नवीन सभासद म्हणाले, "खेळ संध्याकाळी सातला ठेवू. चार वाजता नाटक म्हणजे शाळेचं गॅदरिंग वाटतं." मोजणीचा विषय निघाला तेव्हा त्यातला एकजण हसला. "त्याचं काय एवढं? ग्रुपवर मेसेज टाकू. घरी पोचलं की प्रत्येकानं अंगठा टाकायचा."

मी इतिवृत्तात ते जसंच्या तसं लिहून घेतलं. सचिव म्हणून तेवढंच माझं काम. घरी आल्यावर मात्र कपाटाकडे बघत बसले. कपाटावर पत्र्याचे नऊ डबे आहेत आणि शेजारी चिंचोक्यांची एक पिशवी. हे सगळं कोंडीभाऊंचं. भाऊ आता इथे नाहीत.

आमचं रंगभवन जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या शिवेवर आहे. तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला डांबरी रस्ता. भाऊ तिथले पहारेकरी. कागदावर पहारेकरी, प्रत्यक्षात झाडणं, पडदा ओढणं, घंटा वाजवणं, चहा करणं आणि समितीच्या बैठकीत दाराशी उभं राहून सगळं ऐकणं, हे सारं त्यांच्याकडेच होतं. उंची बेताची, पायांत टायरच्या चपला, डोक्यावर टोपी. हिवाळ्यात टोपीवरून मफलर बांधायचे, त्यामुळे त्यांचा चेहरा एखाद्या गाठोड्यातून बाहेर बघितल्यासारखा दिसायचा. मी शाळेत लेखनिक आहे, शिक्षिका नाही, हे त्यांना दहा वेळा सांगून झालं. शाळेत काम करते ती बाई, हा त्यांचा हिशेब शेवटपर्यंत बदलला नाही.

मी समितीत आले तेव्हा पहिल्याच हंगामाला कामांची यादी केली आणि दारामागे चिकटवली. भाऊंनी ती बराच वेळ पाहिली.

"लई ब्येस लिवलंय, बाई. पर नारळ न्हाई दिसत यात."

आमच्या घरी नारळ फोडायची पद्धत नाही. आजोबांच्या पिढीत धम्म घेतला तेव्हापासून नाही. त्यामुळे ते माझ्या यादीत आलंच नव्हतं. मी तसं सांगितलं. भाऊ म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या. त्यो मी माझ्या यादीत घितो." त्यांची यादी कुठे होती कुणास ठाऊक. पण त्यानंतर दर हंगामाला नारळ वेळेवर यायचा आणि प्रसादाचा एक तुकडा कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर असायचा.

भाऊंनी रंगभवनात कित्येक नाटकं झालेली पाहिली, पण एकही नाटक पाहिलं नाही. खेळ सुरू झाला की ते रंगमंचाकडे पाठ करून दाराशी उभे राहायचे आणि आसपासच्या नऊ गावांतून आलेल्या प्रेक्षकांकडे बघायचे. दुसऱ्या दिवशी नाटक कसं झालं विचारलं की सांगायचे, "बोरीवाल्या दोनदा रडल्या. म्हाळुंग्याची मान्सं मधी हालली न्हाईत. चांगलंच आसनार." एकदा एका मोठ्या गवयाच्या मैफलीनंतर म्हणाले, "पयल्या अर्ध्या तासात एकवीस जांभया. मंग येकबी न्हाई." तो गवई नंतर मला म्हणाला होता की सुरुवातीला आवाज लागत नव्हता.

मोजायची ही सवय त्यांना कशी लागली ते सांगायला हवं.

अकरा वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्यात ऊसतोड लवकर सुरू झाली होती. फड रिकामा झाला की बिबट्या शेजारच्या फडात सरकतो, हे इकडे लहान पोरालाही माहीत असतं. तेव्हा आमचे खेळ रात्री साडेनऊला सुरू व्हायचे. एका खेळानंतर महाळुंगे पडवळच्या सासू-सुना उसातल्या पाऊलवाटेने घरी चालल्या होत्या. वाटेत तो उभा. दोघी ओरडल्या आणि तो गेला. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. पण पुढच्या रविवारी चारशे खुर्च्यांच्या सभागृहात पन्नाससुद्धा माणसं नव्हती आणि बाई एकही नव्हती.

समितीत ठराव आला, हिवाळी हंगाम बंद. अध्यक्ष अण्णा अनुमोदन कोण देतंय ते बघत होते. भाऊ चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभे होते.

"अण्णा, मला येक म्हैना द्या."

"तू काय करणार? बिबट्याला सांगणार?"

"बिबट्याला न्हाई. मान्सांना सांगतो."

ते गावोगाव हिंडले. मी महाळुंग्याला त्यांच्याबरोबर गेले होते, म्हणून तिथलं मला माहीत आहे. देवळापुढे तीस-चाळीस बायका जमल्या होत्या. भाऊ म्हणाले, खेळ दुपारी चारला सुरू करू, साडेसहाला संपवू. रस्त्याला तेव्हा वर्दळ असते. एकटं-दुकटं कुणाला सोडणार नाही. गावाच्या नावानं हाक मारीन, तेव्हा त्या गावानं एकत्र निघायचं.

"आन् आमचं मानूस घरी आलं न्हाई तर?" एका म्हातारीनं विचारलं.

"मोजून घीन आन् मोजून दीन. येक जरी कमी भरलं तर दुसऱ्या दिशी सोता मी रंगभवनाला कुलूप घालतो. मंग पुन्यांदा तिथं खेळ न्हाई."

मग मागून एक तरणी सून म्हणाली, "भाऊ, मोजता येतं का तुमाला?"

"धापतर येतं. तुमी धा-धानं या."

बायका हसल्या आणि हंगाम वाचला. पण मी घाबरले. आता हा शब्द चारचौघांत दिलेला होता. परतीच्या वाटेवर मी त्यांना म्हणाले, "भाऊ, कुलपाचं कशाला बोललात? माणसं आहेत, काहीही होऊ शकतं." ते म्हणाले, "कुलूप म्हनल्याबिगर त्या आल्या नसत्या."

मी प्रत्येक गावाची यादी करायचं सुचवलं. नाव, वय, फोन. भाऊंनी मान हलवली. "मान्सं दाराशी आल्यावं नाव सांगत बसत न्हाईत. ढकलत आत येत्यात." त्यांनी बिस्किटांचे नऊ रिकामे डबे जमवले. प्रत्येक डब्यावर गावाची खूण. बोरी बुद्रुकच्या डब्याला निळी सुतळी, महाळुंग्याच्या डब्याला पोचा, तळेघरच्या डब्यावर खिळ्यानं काढलेला डोंगर. माणूस दारातून आत आलं की त्याच्या गावाच्या डब्यात एक चिंचोका. बाहेर पडलं की तो चिंचोका काढून पिशवीत. डबा रिकामा झाला की गाव पूर्ण.

"डोस्कं इसरतं," ते म्हणायचे. "चिंचोका इसरत न्हाई."

गाव निघालं की दारातून त्यांच्या सूचना सुरू व्हायच्या. "पुढं ब्याटरी, मागं ब्याटरी. पोरं मधी. आन् त्वांड बंद ठिवायचं न्हाई. नाटकावं भांडत जावा." आणि गावं खरोखर भांडत जायची. उसाच्या पलीकडून बराच वेळ आवाज यायचे, की त्या नायकानं बायकोला असं बोलायला नको होतं, की तिचंच चुकलं. भाऊ आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत उभे राहायचे. मग पुढच्या गावाला हाक.

या पद्धतीचा पुण्याच्या मंडळींना फार त्रास व्हायचा. तिसरी घंटा भाऊंच्या हातात होती आणि तळेघरची जीप आल्याशिवाय ती वाजत नसे. तळेघर लांब, तिकडे भीमाशंकरच्या डोंगरात. तिथली माणसं सकाळी आपापल्या वाडीवरून चालत रस्त्याला यायची, मग जीप. परत जाताना घोडेगावपर्यंत जीप आणि तिथून मुक्कामी एसटी. ही एसटी चुकली तर रात्र घोडेगावच्या स्टँडवर. म्हणून त्यांना सगळ्यांत आधी सोडायचं, असा नियम होता.

एका नाटकाच्या वेळी जीप आली नव्हती. चार वाजून दहा मिनिटं झाली. नाटकातले मुख्य नट, मिशी लावून तयार, विंगेतून बाहेर आले.

"वेळ म्हणजे वेळ. तिसरी घंटा द्या."

भाऊ म्हणाले, "सायेब, तळेघरची जीप घाटात हाय."

"मग?"

"मंग घंटाबी घाटात हाय."

नटसाहेबांनी मिशी काढायला हात वर नेला. मी वेळापत्रक घेऊन मध्ये उभी राहिले आणि काय बोलले ते आता आठवत नाही, पण मिशी जागेवर राहिली. चार बावीसला जीप आली. सात माणसं उतरली. सगळ्यांत पुढे एक म्हातारे होते, गुडघ्यापर्यंत धूळ, खांद्यावर घोंगडी. ते दाराशी थांबून भाऊंना म्हणाले, "च्यालू झालं काय रं?" भाऊंनी सात चिंचोके टाकले. "तुमच्याबिगर कसं व्हईल?" मग घंटा.

खेळ झाल्यावर नटसाहेब दाराशी येऊन हे सगळं बघत होते. नववा डबा रिकामा झाल्यावर म्हणाले, "भाऊ, माझा चिंचोका कुठाय?"

"पुन्याचा डबा न्हाई आपल्याकडं. तुमी जावा बिनघोर."

तळेघरवाले येताना भाऊंसाठी नाचणीच्या पिठाची पुरचुंडी आणायचे. भाऊ तिथलेच. रंगभवनाचं बांधकाम चाललं होतं तेव्हा मजुरीला आले आणि मागच्या खोलीत राहिले ते राहिलेच. बायको लवकर गेली, मूल नाही. उतारावरचं भाताचं वावर पुतण्या करायचा. पीठ हातात घेताना ते एकच विचारायचे, "औंदा भात कसाय?" उत्तर काहीही आलं तरी "बरंय" म्हणायचे.

आता शोभाचं सांगते. हा प्रसंग लोक आता हसत हसत सांगतात, मला मात्र तसा सांगता येत नाही.

त्या रविवारी मैफल होती. तळेघर, महाळुंगे आणि आणखी दोन गावं निघून गेली. मग बोरीला हाक मारली. माणसं बाहेर पडत गेली, पिकअपमध्ये बसत गेली आणि निळ्या सुतळीच्या डब्यात एक चिंचोका उरला.

भाऊंनी दार लोटलं. "कुनी हालायचं न्हाई."

कोण कमी आहे ते कळायला पाच मिनिटं गेली. शोभा. नवरा पाणी धरायला घरी थांबलेला, ती जावेबरोबर आली होती. फोन नवऱ्यापाशी. जाऊ म्हणाली, मध्यंतरापर्यंत माझ्या शेजारी होती, मग मागे जागा मिळाली म्हणून उठली. स्वच्छतागृह पाहिलं. रंगमंचामागे पाहिलं. चौदाजण बॅटऱ्या घेऊन उसाच्या कडेनं हाका मारत गेले. पिकअपवाल्यानं हॉर्न दाबून धरला. जाऊ रडायला लागली तशा बाकीच्याही. भाऊ तो एक चिंचोका मुठीत धरून दारात उभे होते. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, कुलूप कुटं ठिवलंय?"

पाऊण तासानं महाळुंग्याहून फोन आला. शोभा तिच्या माहेरी, आईच्या चुलीपुढे बसून हुलग्याचे शेंगोळे खात होती. महाळुंग्याला हाक मारल्यावर ती महाळुंग्याबरोबर निघून गेली होती.

भाऊंनी फोनवर विश्वास ठेवला नाही. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून गेले, तिला डोळ्यांनी पाहिलं. तिथं जे बोलणं झालं ते त्यांनीच मला सांगितलं.

"म्हनलं, पोरी, जावंला सांगायचंस तरी. तर म्हंती, सांगितलं आसतं तर सोडलं आसतं व्हय मला? दिवाळीपास्नं आईचं त्वांड बघितलं नव्हतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? तिच्या आईनं शेंगोळं वाढलं. खाल्लं."

मी विचारलं, महाळुंग्याचा डबा आधीच रिकामा झाला असेल आणि एक माणूस जास्त गेलं असेल, ते तुमच्या लक्षात कसं आलं नाही? ते म्हणाले, "आलं की. येक ज्यादा भरलं. पर ज्यादा भरल्यावं मानूस भीत न्हाई, बाई. कमी भरल्यावं भितो."

पुढच्या रविवारपासून दाराशी बायकांना नवा प्रश्न सुरू झाला. "जाताना सासरी का म्हायेरी?" माहेरी म्हटलं की चिंचोका त्या गावाच्या डब्यात. पहिल्या दिवशी लाजत दोघींनी सांगितलं. तिसऱ्या रविवारी अकराजणी. सोमवारी सकाळी नवरे, दीर, सगळे आपापल्या घरच्या बायकांना घ्यायला इकडून तिकडे. एक सासू भाऊंशी भांडायला रंगभवनावर आली होती. "आवो पावणं, नाटकाच्या नावानं सुना पळवता काय आमच्या?" भाऊ म्हणाले, "मावशे, तुजंबी म्हायेर हाय की म्हाळुंग्याला. कवा गेलतीस?" पुढच्या खेळाला मावशी पहिल्या रांगेत बसली होती आणि तिचा चिंचोका पोच्याच्या डब्यात पडला.

मागच्या हंगामात भाऊंची नजर गेली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसरा राहिला होता. चिंचोके ते आता बघून नाही, बोटांनी चाचपून मोजायचे. मला दिसत होतं. मी विचारलं नाही, हे चुकलं.

दुसऱ्या रविवारी सगळे डबे रिकामे झाले. सगळी गावं गेली. भाऊंनी दिवे मालवले आणि मी मागचं दार बघायला गेले. मागच्या पायरीवर, उसाच्या अगदी तोंडाशी, बोरीच्या चंद्रभागा आजी बसल्या होत्या. शालीत गुंडाळून, निवांत. मला म्हणाल्या, "कवा सुरू व्हतंय गं पुढलं? मधली सुट्टी लई झाली."

त्यांचा चिंचोका टाकायचा राहिला होता. डब्याच्या हिशेबानं आजी आलेल्याच नव्हत्या.

अण्णांनी त्यांना स्वतःच्या गाडीतून घरी पोचवलं. गावात कुणाला काही कळलं नाही, कारण आजींना स्वतःलाच काही वाटलं नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी भाऊ शाळेच्या फाटकाशी उभे. मी बाहेर गेले.

"शब्द मोडला, बाई."

"कुठे मोडला? आजी घरी आहेत."

"तुमी मागं गेला म्हनून हाईत." मग म्हणाले, "तुमची ती यादी. ती दाराशी घिऊन हुबं ऱ्हाता का?"

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझी यादी मागितली होती. तेव्हापासून मी दाराच्या दुसऱ्या बाजूला वही घेऊन उभी राहायला लागले. प्रत्येक माणसामागे एक रेघ. तिसऱ्या घंटेआधी आम्ही ताळा करायचो. ते डब्याचा आकडा सांगायचे, मी रेघांचा. तीन रविवार आकडे जुळले. जुळले की भाऊ घंटेकडे वळायचे आणि मी वही मिटायची.

परवाच्या बैठकीत मी वेळ चारच ठेवावी असं सांगितलं, आणि जरा जोरातच सांगितलं. मग अण्णांनी विचारलं, "आणि मोजणार कोण?" तेव्हा मी यादीतली ती ओळ तशीच रिकामी सोडली. यादी करणं वेगळं आणि चारशे माणसं घरी पोचतील असा शब्द देणं वेगळं. एक उरला तर काय करायचं, हे मला माहीत नाही. मला फक्त मागच्या हंगामाच्या शेवटच्या रविवारी काय झालं ते माहीत आहे.

माघ चालू होता. कथकचा कार्यक्रम होता. भाऊंनी त्या दिवशी धुतलेला सदरा घातला होता. तिसऱ्या घंटेआधी ताळा सुरू केला. बोरी जुळलं. महाळुंगे जुळलं. सगळी जुळली.

"तळेघर?"

"आट," भाऊ म्हणाले.

माझ्या वहीत सात रेघा होत्या. जीपमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला मी पाहिलं होतं. सातच.

"भाऊ, माझ्याकडे सात आहेत."

"आट हाईत, बाई." आणि त्यांनी घंटा वाजवली.

त्यानंतरचे अडीच तास मी कथक पाहिलं नाही. भाऊंसारखी रंगमंचाकडे पाठ करून उभी राहिले आणि तळेघरची रांग मोजत राहिले. सात. पुन्हा सात. मध्यंतरात जवळ जाऊन मोजले, सात. जीपच्या ड्रायव्हरला जाऊन विचारलं, "किती आणलेत?" तो म्हणाला, "सात. का हो मॅडम?" मागची पायरी पाहिली. स्वच्छतागृह पाहिलं. उसाच्या कडेनं थोडं चालून आले. संध्याकाळ उतरत होती आणि पाचटाचा आवाज येत होता, तो वाऱ्याचाच असावा.

दोनच शक्यता होत्या. एक तर आठवं माणूस आलं होतं आणि आता सापडत नव्हतं. नाहीतर भाऊंना सातसुद्धा मोजता येत नव्हते. पहिलं खरं असेल तर कुलूप. दुसरं खरं असेल तर ते मला त्यांच्या तोंडावर सांगावं लागणार होतं. मी भाऊंकडे पाहिलं. ते पहिल्यांदाच प्रेक्षकांकडे पाठ करून, रंगमंचाकडे तोंड करून उभे होते. त्या नाचणाऱ्या मुलीकडे मान वाकडी करून बघत होते. किती दिसत होतं कुणास ठाऊक. घुंगरं ऐकत असतील.

खेळ संपला. ते माझ्याकडे आले. "आज हाका तुमी मारा. माजा आवाज बसलाय."

"मी?"

"तळेघर शेवटी घ्या. जीप आज थेट वरपतर जानार हाय, यस्टीची घाई न्हाई."

मी बोरीला हाक मारली. बोरीवाल्या उठल्या. मी एकेक चिंचोका काढत गेले, पिशवीत टाकत गेले. बोरी रिकामं. महाळुंगे रिकामं. एकेक गाव भांडत भांडत उसापलीकडे गेलं. सूचना द्यायच्या माझ्याकडून राहिल्या, तर गावांनी त्या आपणच म्हटल्या, "पुढं ब्याटरी, मागं ब्याटरी." आठ डबे रिकामे झाले.

"तळेघर."

घोंगडीवाले म्हातारे पुढे, मागे बाकीचे. एक, दोन, तीन. सातवी बाई बाहेर पडली आणि जीपमध्ये चढली. डोंगराच्या खुणेच्या डब्यात एक चिंचोका होता.

"भाऊ," मी हाक मारली. "भाऊ, एक उरला."

ते मागच्या खोलीकडून आले. हातात बोचकं होतं, काखेत घोंगडी. माझ्या हातातला डबा त्यांनी आपल्याकडे ओढला, आत बोटं घातली, चाचपून तो चिंचोका काढला.

"उरला न्हाई. त्यो माजा हाय."

तो त्यांनी पिशवीत टाकला आणि पिशवी माझ्या पायाशी सरकवली. कायमचा गावी जातोय असं अण्णांना आठवडाभर आधी सांगितलं होतं म्हणे, आणि बाईंना सांगू नका असंही सांगितलं होतं, त्या यादी करत बसतील. ते मला नंतर कळलं. त्या क्षणी दाराशी उभं राहून इतके दिवस जे ऐकलं होतं, तेच तोंडातून निघालं.

"भाऊ, सासरी का माहेरी?"

मफलरमधून ते हसले. "म्हायेरी, बाई. लई दीस झालं."

जीपमध्ये बायकांनी सरकून त्यांना मध्ये जागा दिली. कुणीतरी म्हणालं, ती पोरगी नाचली चांगली पण हसत नव्हती. दुसरं म्हणालं, नाचताना कशाला हसायचं? भाऊ काहीतरी बोलले, ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मागच्या काचेतून टोपी दिसली, मग मागचे दोन लाल दिवे, मग वळण. मी आवाज थांबेपर्यंत उभी राहिले.

मग वही काढून शेवटची ओळ लिहिली. तळेघर, आले सात, गेले आठ. रंगभवनाला रोजच्यासारखं कुलूप लावलं आणि डबे आणि पिशवी घेऊन घरी आले.